नेटमध्ये सुरेख, सामन्यात उशीर: अंदाज आणि निर्णय मुलांना शिकवायचे कसे?

पटांगण

नमस्कार मंडळी. शाळेत खेळाचा शिक्षक आहे आणि संध्याकाळी तालुक्याच्या मैदानावर १४ वर्षांखालच्या पोरांचा सराव घेतो. मुख्य क्रिकेट, पावसाळा सरला की कबड्डी. एका गोष्टीवर इथल्या खेळलेल्या माणसांशी सविस्तर बोलायचं आहे म्हणून धागा काढतोय. लांबेल, सांभाळून घ्या.

उन्हाळ्याच्या सुट्टीत शहरातली शिबिरं करून मुलं जूनमध्ये परत येतात. स्टान्स सुरेख, डोकं स्थिर, कोपर वर, कव्हर ड्राइव्ह बघत राहावा असा. मग गावच्या सामन्यात वेड्यावाकड्या अ‍ॅक्शनचा एखादा पोरगा येतो आणि यांना दोन षटकांत गुंडाळतो. पाय पुढे येतो, पण उशिरा येतो. पालक म्हणतात, "सर, रिफ्लेक्स कमी पडतात, त्यावर काहीतरी घ्या." मग दिवा लागला की बटण दाबायचं, शिडीत पाय नाचवायचे, भिंतीवर टेनिसचा चेंडू मारायचा असं सगळं सुरू होतं.

माझ्या मते हा रिफ्लेक्सचा प्रश्नच नाही. हिशेब करून बघा. खेळपट्टी २२ यार्डांची, म्हणजे २०.१२ मीटर. दोन्हीकडच्या क्रीज वजा केल्या तर उरतात जेमतेम पावणेअठरा मीटर. ताशी १४० किलोमीटरचा चेंडू एवढं अंतर अर्ध्या सेकंदाच्या आसपास कापतो. डोळ्याला काही दिसल्यापासून अंग हलायला लागेपर्यंतच साधारण ०.२ सेकंद जातात, आणि त्यात कसोटीपटू आणि तुम्ही-आम्ही यांच्यात फारसा फरक नसतो. पीटर मॅक्लाउड या संशोधकाने १९८७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. मॅटिंगखाली लाकडी पट्ट्या टाकल्या, म्हणजे टप्पा पडल्यावर चेंडू कुठे वळेल याचा नेम राहिला नाही. वर व्यावसायिक फलंदाज खेळवले आणि त्यांचं चित्रण तपासलं. चेंडू वळल्यानंतर सुमारे ०.२ सेकंद त्यांच्या बॅटच्या वाटेत काही बदलच दिसला नाही. पट्टीचे फलंदाज, तरी तेवढा वेळ त्यांनाही लागलाच.

मग मोठा फलंदाज इतका निवांत कसा दिसतो? कारण त्याचं बघणं आपल्या आधी सुरू झालेलं असतं. मॅक्लाउड यांनीच मायकेल लँड यांच्याबरोबर २००० साली फलंदाजांच्या नजरेचा माग काढला. चेंडू सुटताना नजर त्याच्यावर असते, पण नंतर ती चेंडूबरोबर प्रवास करत नाही. टप्पा जिथे पडणार तिथे उडी मारून आधीच जाऊन थांबते. आणि चांगल्या फलंदाजाची ही उडी कच्च्या फलंदाजापेक्षा लवकर पडते. त्याच्याही आधीचा भाग ऑस्ट्रेलियात शॉन म्युलर, ब्रूस अ‍ॅबरनेथी आणि डेमियन फॅरो यांनी तपासला. गोलंदाजाचं चित्रण वेगवेगळ्या क्षणी तोडून फलंदाजांना विचारलं, की चेंडू कोणता आणि टप्पा कुठला? वरच्या दर्जाच्या फलंदाजांना चेंडू सुटायच्या आतच, गोलंदाजाच्या हातावरून आणि मनगटावरून बरंच काही कळत होतं. नवख्यांना तिथून फारसं काही मिळत नव्हतं.

आता माझा मुद्दा. बोलिंग मशीनला मनगट नसतं, खांदा नसतो, रनअप नसतो. मैदानावर ठेवलेला शंकू हुल देत नाही. शिबिरात मूल हजारो चेंडू खेळतं, पण ज्याच्याकडे बघायला शिकायचं तो समोर नसतोच. मुलं बघायला शिकलेलीच नाहीत, आणि आपण त्यांना मंद म्हणून मोकळे होतो. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तुम्ही कसे शिकलात? मुलांना कसं शिकवता? क्रिकेटच हवं असं नाही.

दादर_पश्चिम

सर, चांगला धागा. आमच्या पिढीला हे कुणी शिकवलं नाही, मैदानांनी करून घेतलं.

मुंबईची कांगा लीग १९४८ पासून पावसाळ्यात खेळली जाते. न झाकलेली ओली खेळपट्टी, गुडघ्यापर्यंत गवत. एक चेंडू चिकटून येतो, पुढचा छातीवर उडतो. तिथे पाठ केलेला फटका चालतच नाही. चेंडू शक्य तितका उशिरा, डोळ्यांखाली खेळायचा आणि हात सैल ठेवायचे. शिवाय आझाद मैदानावर एकात एक घुसलेली मैदानं. तुमचा पॉइंट दुसऱ्याच सामन्याच्या मिडविकेटशेजारी उभा! कुठला चेंडू आपला आणि कुठला परका हे ओळखण्यातच क्षेत्ररक्षकाची नजर तयार व्हायची.

आचरेकर सर सचिनला स्कूटरवर बसवून एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर सामने खेळायला न्यायचे हे सगळ्यांना माहीत आहे. लोक त्यातली मेहनत बघतात. मला त्यात वेगळंच दिसतं. त्या पोराने एका सुट्टीत किती वेगवेगळे हात पाहिले असतील! लेगस्पिनर, डावरे, फेकल्यासारखी अ‍ॅक्शन असलेले, उतारवयातले चतुर ऑफस्पिनर. आज श्रीमंतातल्या श्रीमंत अकादमीत जा, मुलाला वर्षभर त्याच पाच-सहा जणांची गोलंदाजी मिळते.

सरळ_बॅट

मी एका खासगी अकादमीत शिकवतो, त्यामुळे दुसरी बाजू मांडतो.

मशीन आम्ही हौसेने लावत नाही. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांकडून रोज गोलंदाजी करून घेतली तर त्यांच्या पाठीचं काय होतं ते फिजिओंना विचारा. वेगवान गोलंदाजाला षटकांची मर्यादा असते आणि ती असायलाच हवी. मग वीस फलंदाजांना चेंडू टाकायचे कुणी? दुसरं म्हणजे पुल शॉट पहिल्यांदा शिकणाऱ्या मुलाला ठरलेल्या उंचीवर चेंडू आला की भीती जाते. भीती असलेला मुलगा मनगट बघणार कधी? तो आधीच डोळे मिटून घेतो.

आणि दादरकर काका, त्या ओल्या खेळपट्ट्यांनी किती मुलांना क्रिकेट सोडायला लावलं याचा हिशेब कुणाकडे नाही. जे टिकले त्यांच्याच गोष्टी आपल्यापर्यंत येतात.

पटांगण

सरळ_बॅट, भीतीचा मुद्दा शंभर टक्के मान्य. नवा फटका आणि भीती यांसाठी मशीन वापरावं. माझी तक्रार मशीनवरच्या मुक्कामाबद्दल आहे. इअन रेनशॉ हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेच फलंदाज मशीनसमोर आणि खऱ्या गोलंदाजासमोर तपासले, तेव्हा बॅट मागे जाण्याची आणि पुढचा पाय पडण्याची वेळ दोन्हीकडे वेगळी निघाली. म्हणजे मशीनवर जो ताल पक्का होतो तो सामन्यातला नसतो.

गोलंदाजांवरच्या भाराला मी एक उपाय करतो. एक जण फलंदाजी करत असताना बाकीचे बसून राहत नाहीत. दोघे-तिघे फलंदाजाच्या मागे जाळीबाहेर उभे राहतात. चेंडू हातातून सुटला की डोळे गच्च मिटायचे आणि बोलायचं: "पुढे" किंवा "मागे", "आत" किंवा "बाहेर". मग डोळे उघडून फलंदाजाला विचारायचं, बरोबर की चूक. गोलंदाजाला एकही चेंडू जास्त टाकावा लागत नाही. सुरुवातीला निव्वळ अंदाजपंचे चालतं. पण हळूहळू मुलं आपसात बोलायला लागतात, "अरे, आखूड टाकताना त्याचा डावा हात लवकर खाली येतो." हे मी त्यांना सांगितलेलं नसतं.

डावा_कोपरा

कबड्डी आली म्हणून लिहितो. लालबाग-परळच्या मातीत खेळलो, पुढे मॅटवर. कायम डाव्या कोपऱ्यात.

कोपरारक्षकाचं सगळं आयुष्य चढाई करणाऱ्याच्या कमरेकडे बघण्यात जातं. डोळ्यांत बघायचं नाही, हातांकडे तर अजिबात नाही. हात खोटं बोलतात, पायसुद्धा बोलतात, पण कंबर सहसा खोटं बोलत नाही, कारण अंगाचा भार तिथे असतो.

बोनसचं उदाहरण घ्या. समोर सहा किंवा सात रक्षक असतील तरच बोनस, म्हणजे जास्तीचा एक गुण, मिळतो. बोनस रेषेपलीकडे एक पाय टेकवायचा आणि त्याच वेळी मागचा पाय हवेत हवा. म्हणजे खरा बोनस घेणारा माणूस क्षणभर एका पायावर असतो. अँकल होल्डची, म्हणजे घोटा धरायची, हीच वेळ. पण पाय टेकलेला बघून तुम्ही निघालात तर हाताला मॅट लागते, घोटा लागत नाही. त्याच्या आधी निघावं लागतं. कशावर? खरा जाणारा असेल तर मागच्या पायाची टाच उचलली जाते आणि कंबर खाली जाऊन पुढे सरकते. हुल असेल तर पाय लांब येतो, पण कंबर मागेच राहते, भार मागच्या पायावर, परतीच्या तयारीत. हे सांगायला चार ओळी लागल्या, मैदानावर पापणी लवायच्या आत होतं.

आणि बघितलं म्हणून लगेच सुटायचं असंही नाही. कव्हर, म्हणजे माझ्या आतल्या बाजूचा रक्षक, कुठे आहे? तो माझ्याबरोबर येणार का? चढाईचे किती सेकंद उरलेत? ३० सेकंदांची चढाई, त्यातले शेवटचे पाच असतील आणि आधीच्या दोन रिकाम्या गेल्यावरची, गुण घ्यावाच लागणारी तिसरी चढाई असेल, तर घाई त्याला आहे, मला नाही. मी नुसता उभा राहिलो तरी तो बाद. आम्ही तीनच उरलो असू तर अव्वल पकडीचा एक गुण जास्त, तेव्हा मी तोच घोटा धरायला जाईन जो सात जण असताना सोडून दिला असता. पाय तोच, हालचाल तीच, निर्णय वेगळा. इराणचा फझल अत्राचली डाव्या कोपऱ्यात खेळतो. त्याची पकड सगळे दाखवतात. त्याने सोडून दिलेले पाय बघा, ते जास्त शिकवतात.

शिकवण्याबद्दल: हल्ली मुलं बाहुल्याला अँकल मारताना दिसतात. हात कुठे जायचा एवढं त्यातून येतं. पण बाहुला हुल देत नाही. मी मुलांना अर्ध्या मैदानात एक चढाईपटू, एक कोपरा, एक कव्हर असं खेळवतो. हुल देऊन कोपऱ्याला पुढे ओढला तरी चढाईपटूला गुण. त्यामुळे चढाईपटू मनापासून फसवतो आणि कोपरा थांबायला शिकतो.

शटल_आई

मुलगी १२ वर्षांची, बॅडमिंटन खेळते, ठाण्यात. तिचे सर टोपलीतून शटल देतात: वीस ड्रॉप, मग वीस क्लिअर, मग वीस स्मॅश. शेवटीशेवटी फार छान मारते. सामन्यात मात्र जागेवर खिळते. तुमचं सगळं वाचून वाटतंय की तिचंही हेच आहे. सरांना कसं सांगू?

मेलबर्नकर

शटल_आई, मी इथे एका विद्यापीठात क्रीडाविज्ञान शिकवतो. मूळचा कोल्हापूरचा.

तुमच्या प्रश्नाशी थेट जुळणारा जुना प्रयोग आहे. १९८६ साली गूड आणि मॅगिल यांनी नवशिक्या मुलींना बॅडमिंटनच्या तीन सर्व्हिस शिकवल्या. काही मुलींनी एका वेळी एकच सर्व्हिस घोटली, काहींनी तिन्ही कशाही क्रमाने मिसळून केल्या. नंतर परीक्षा घेतली तेव्हा मिसळून शिकलेल्या मुली पुढे होत्या. यातली अडचण अशी की मिसळून सराव करताना मूल जास्त चुकतं. पालक कठड्यावर बसून बघत असतात, सरांवर सुरेख दिसणाऱ्या सरावाचा दबाव असतो. त्यामुळे तुम्ही सरांना एवढंच सांगा की सरावात ती चुकली तरी आमची तक्रार नाही. बऱ्याच प्रशिक्षकांना हेच ऐकायचं असतं.

आणि शटल टोपलीतून हाताने न देता समोरून रॅकेटने मारून द्यायला सांगा. अ‍ॅबरनेथी आणि रसेल यांनी १९८७ मध्ये बॅडमिंटनवरच काम केलं होतं. निष्णात खेळाडू समोरच्याच्या रॅकेटबरोबर त्याच्या दंडावरूनही दिशा ओळखत होते, आणि दंडाची हालचाल आधी सुरू होते. नवखे खेळाडू रॅकेटवरच अवलंबून होते. हाताने फेकलेल्या शटलमध्ये यातलं काहीच नाही.

पटांगण सरांना एक पुरवणी. १९२०च्या दशकात मॉस्कोमध्ये निकोलाय बर्नस्टाइन यांनी छिन्नीवर हातोडा मारणारे कसबी कामगार चित्रित केले. हातोडा दर वेळी नेमका छिन्नीवर पडत होता, पण खांदा, कोपर, मनगट यांची हालचाल प्रत्येक घावाला थोडी वेगळी. कसबी माणूस एकच हालचाल छापून काढत नाही, दर वेळी तोच प्रश्न नव्याने सोडवतो. म्हणून "कोपर इथेच हवं" हा आग्रह लहान वयात फार ताणू नये असं मला वाटतं.

खांबाआडून

खो-खोबद्दल कुणीच लिहिलं नाही! जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला विश्वचषक झाला, भारताने पुरुष आणि महिला दोन्ही जिंकले. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. तरी शाळांमध्ये हा खेळ क्रीडा सप्ताहापुरताच काढतात.

राज्य पातळीपर्यंत खेळले आहे. निर्णय शिकवायचा असेल तर याच्याइतका कसदार खेळ मला माहीत नाही. कारण नियमच तसे आहेत. आक्रमकाने एकदा दिशा घेतली की मागे वळता येत नाही, मधली पाटी ओलांडता येत नाही. पळणाऱ्याला मात्र सगळीकडे मोकळीक. बसलेल्यांची तोंडं एकाआड एक विरुद्ध दिशांना. त्यामुळे पळणारीला सतत दोन गोष्टी वाचाव्या लागतात: मागून येणारीचा खांदा कुठे वळतोय, आणि पुढच्या बसलेल्यांपैकी कोण उठू शकते. आम्हाला बाई सांगायच्या, "खो ऐकून पळू नका." खो कानावर पडेपर्यंत ती उठलेली असते. खो मिळणारी मुलगी आधी बैठकीतून किंचित पुढे झुकते, हात जमिनीवर दाबते. ते ओळखायचं.

हुलकावणीचं डावा_कोपरादादा म्हणाले तेच इथेही आहे. खांबाजवळ पोचलं की दोघींपैकी जी आधी ठरवते ती फसते. म्हणून पावलं लहान ठेवायची, दोन्हीकडे जाता येईल अशी. लांब ढांग टाकली की निर्णय होऊन गेला.

फिजिओ_नाशिक

खांबाआडूनताईंच्या शेवटच्या ओळींवर लिहायचं आहे, कारण माझ्याकडे येणारे गुडघे तिथूनच येतात.

पळताना अचानक दिशा बदलणं आधीच ठरलेलं असेल तर शरीर तयारी करतं: पाऊल शरीराच्या जवळ पडतं, गुडघा वाकतो, धड वळायच्या बाजूला झुकतं. निर्णय ऐनवेळी झाला तर ही तयारी होत नाही. बेसियर आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये मोजमाप करून दाखवलं की न ठरवता केलेल्या कटमध्ये, म्हणजे अशा दिशाबदलात, गुडघ्यावरचा आडवा आणि पिळवटणारा भार ठरवून केलेल्या कटपेक्षा बराच जास्त असतो. एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आतला अस्थिबंध, तुटायला अनुकूल असाच हा भार. म्हणजे ज्याला लवकर वाचता येतं त्याच्या गुडघ्यावरही ताण कमी. दुखापतीनंतर खेळाडूला परत पाठवताना शंकूंमधून पळवून पास करणं मला म्हणून धोक्याचं वाटतं. शेवटच्या टप्प्यात समोर माणूस हवाच, आधी निम्म्या वेगात, मग पूर्ण.

सरळ_बॅट, पाठीच्या दुखापतींबद्दल तुम्ही लिहिलंत ते अगदी बरोबर. गोलंदाजांची षटकं वाढवून हा प्रश्न सोडवू नका.

नवखा_०७

एक विचारू का? व्हिडिओ बघून हे शिकता येतं का? मी खूप सामने बघतो, गोलंदाजांची अ‍ॅक्शन स्लो मोशनमध्ये बघतो. वय १६.

मेलबर्नकर

थोडंफार येतं, पण नुसतं बघून पुरत नाही. रोममध्ये साल्वातोरे अल्योती आणि सहकाऱ्यांनी २००८ साली बास्केटबॉलचे फ्री थ्रो दाखवले, मध्येच तोडून. व्यावसायिक खेळाडू, प्रशिक्षक आणि क्रीडा पत्रकार, आणि खेळ न येणारे असे तीन गट होते. प्रशिक्षक-पत्रकारांनीही आयुष्यभर तो खेळ पाहिलेला. तरी चेंडू हातात असतानाच, फेकणाऱ्याच्या अंगाच्या हालचालीवरून, जाळीत जाणार की नाही हे खेळाडूंनी जास्त लवकर आणि जास्त अचूक ओळखलं. स्वतः हजारदा फेकलेल्या हाताला दुसऱ्याचा हात कळतो.

तेव्हा व्हिडिओ बघच, पण स्लो मोशनमध्ये नको. सामन्यात काही स्लो मोशनमध्ये येत नाही. नेहमीच्या वेगात बघ, चेंडू सुटला की थांबव, उत्तर दे, मग पुढे बघ. आणि स्वतः गोलंदाजी कर, फलंदाज असलास तरी. गुगली टाकता येत नसली तरी टाकून बघ, मनगट कुठून फिरतं ते अंगाला कळेल.

दादर_पश्चिम

हे खरं आहे. आमच्याकडचे बरेचसे चांगले फलंदाज नेटमध्ये हौसेने लेगस्पिन टाकायचे. आम्ही त्याला टाइमपास म्हणायचो.

सरळ_बॅट

जाळीमागे डोळे मिटून ओळखायचा प्रकार कालपासून सुरू केला. एक फरक केला आहे. मुलांना तोंडाने बोलण्याऐवजी पाय हलवायला सांगितलं, पुढे किंवा मागे, हातात बॅट नसताना. बोललं की मुलं विचार करत बसतात, पाय हलवले की उत्तर लगेच मिळतं. पटांगण सर, तुमच्याकडे जाळीमागे जागा किती आहे? आमच्याकडे दोनच मुलं मावतात, बाकीची परत बाकावर.

पटांगण

आमच्याकडे जाळीच एका बाजूला आहे, त्यामुळे जागेची चणचण नाही. तुमच्याकडे बाकावरच्या मुलांना नॉनस्ट्रायकरच्या जागी, क्रीजच्या थोडं बाहेर उभं करा. तिथून गोलंदाजाचं मनगट पाठीमागून आणि अगदी जवळून दिसतं. चेंडूवरची पकडही दिसते. एका वेळी एक, दर षटकाला बदली, आणि हेल्मेट सक्तीचं, कारण सरळ मारलेला फटका तिकडेच येतो. पाय हलवायची कल्पना मी उद्याच करून बघतो. कबड्डीच्या पोरांनाही लावता येईल: कोपऱ्यात उभं राहून, चढाईपटूची कंबर बघून, पकड न करता फक्त एक पाऊल. डावा_कोपरा, ते पाऊल पुढे टाकायला सांगू की आत, कव्हरच्या दिशेने?

डावा_कोपरा

आधी मागे, सर. कोपऱ्यातला मुलगा पुढे यायला नेहमीच उतावीळ असतो. खरा बोनस वाटला तर पुढे, हुल वाटली तर मागे, दोन्ही मोजा. मागे टाकलेलं बरोबर पाऊल दिसलं की त्याला दोन गुण द्या.